पत्र्याच्या शेडमध्ये रिमोटचे पंखे

अमळनेरात चैत्र सरत आला की दुपारी पत्र्याखाली उभे राहवत नाही. पारा ४३-४४ अंशांवर असतो, जळगाव-भुसावळकडे कधी त्याच्याही वर जातो. माझ्या कामाची गर्दी नेमकी त्याच दिवसांत असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, लोकांना झोपाळ्याचे पाट हवे असतात. त्यातच लग्नसराईचे चौरंग, पाट, दिवाण. घरामागे २० बाय १२ फुटांची पत्र्याची शेड आहे, तिथेच माझे सगळे सुतारकाम चालते. यंदा त्या शेडमध्ये रिमोटवर चालणारे छताचे दोन पंखे बसवून घेतले. पंखा म्हटला की जो तो कंपनी आणि किंमत विचारतो. काम करण्याच्या जागेत मात्र तो कुठे टांगला आहे आणि उभ्या जागेवरून बंद करता येतो की नाही, यावरच सारे ठरते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी शेडमध्ये उभा पंखा होता. त्याचा वारा आडवा येतो. रंधा मारताना निघालेला भुसा तो उचलतो आणि थेट डोळ्यांत किंवा नुकत्याच पॉलिश केलेल्या फळीवर नेऊन टाकतो. त्याची वायर कायम पायात. हातात आठ फुटी फळी असताना पायात वायर असणे बरे नव्हे.

घरच्यांचे म्हणणे होते, कूलर लाव. खान्देशातली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की कूलर इथे खरोखर गारवा देतो. घरोघरी लोखंडी कूलर खिडकीला टेकलेले दिसतात ते उगाच नाही. पण लाकडाला कूलर मानवत नाही. लाकूड हवेतला दमटपणा पिते आणि रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. कूलरच्या ओल्या हवेत बसवलेला खण तिथे घट्ट बसतो आणि गिऱ्हाइकाच्या कोरड्या घरात गेला की खुळखुळतो. पटाशा, रंध्याची पाती गंजतात ते वेगळेच. त्यामुळे कूलरचा विचार सोडला.

मग प्रश्न असा की ४४ अंशांत नुसत्या पंख्याने काय होणार? पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि तेवढ्यापुरते गार वाटते. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम झाली की वारा थोडी थोडी उष्णता अंगाला देऊही लागतो, आणि चाळिशीच्या वर तर एकट्या पंख्यावर विसंबू नये असे आरोग्याचे जाणकार सांगतात. म्हणून पंख्यांच्या आधी पत्र्याकडे लक्ष दिले. पत्र्याला वरून चुना मारला, त्यात चिकटपणासाठी फेविकॉल घातला. गावाकडे पत्र्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, पसरतात, त्याने सावली चांगली होते. पण खाली भुसा, थिनर आणि पॉलिश असताना वर वाळलेल्या काटक्या ठेवायला माझे मन धजले नाही. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत, अगदी आढ्याजवळ, जाळीचे झरोके पाडून घेतले. पत्र्याखाली साठलेल्या गरम हवेला वर वाट नसेल तर छताचा पंखा तीच हवा खाली ढकलत राहतो. हे काम झाले नसते तर पुढचा सगळा खर्च निम्मा वाया गेला असता असे मला वाटते.

आता जागा. शेडच्या कैच्यांची, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्यांची, आडवी नळी जमिनीपासून १० फुटांवर आहे, आढे १३ फुटांवर. पंख्याची पाती जमिनीपासून किमान २.३ मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्या वर असावीत असा सुरक्षिततेचा नियम आहे. घरात तेवढे पुरते. सुताराला पुरत नाही, कारण त्याच्या हातात प्लाय असतो. प्लायचा पूर्ण तक्ता ८ बाय ४ फुटांचा. तो उभा धरून एका कोपऱ्यावर फिरवला की त्याचा वरचा कोपरा कर्णाइतका उंच जातो, आणि हा कर्ण येतो ८ फूट ११ इंच. पंख्याबरोबर येणारी लांब दांडी लावली असती तर पाती ८ फूट ८-१० इंचांवर आली असती. फिरत्या पात्याला प्लायचा कोपरा लागणे म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. म्हणून सहा इंची आखूड दांडी घेतली. तिच्यामुळे पाती ९ फूट २ इंचांवर राहिली. बाजारात वेगवेगळ्या लांबीच्या तयार दांड्या मिळतात. कंपनीची दांडी घरी कापून तिला भोक पाडायच्या भानगडीत पडू नये, कारण पंख्याचा सगळा भार त्या भोकातल्या बोल्टवर असतो. पाती आणि छत यांत निदान फूटभर जागा हवी, नाहीतर पंख्याला वरून ओढायला हवा मिळत नाही. आमच्याकडे कैचीच्या वर आढ्यापर्यंत मोकळी पोकळी असल्याने ती अडचण आली नाही.

तरी तीन इंचांच्या भरवशावर राहायचे नव्हते. नळीवरून ओळंबा सोडला आणि तो जिथे टेकला तिथे खडूने चार फूट व्यासाचे वर्तुळ जमिनीवर काढले. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती बरोबर तेवढ्यावर फिरतात. मग पुतण्याला प्लायचा तक्ता घेऊन रोजच्यासारखा दारातून आत आणायला, फिरवायला, कटर मशीनवर आडवा करायला सांगितले. तक्त्याचा कोपरा वर्तुळाच्या हद्दीत आला की ओळंबा पुढे सरकवायचा, पुन्हा वर्तुळ, पुन्हा तक्ता. अशी पायाखाली जागा ठरली तेव्हाच वर भोके पाडली.

कामाच्या टेबलावरच्या पंख्याची जागा ठरवताना दुसरी गोष्ट पाहिली. छताच्या पंख्याचा वारा पात्यांच्या घेराएवढ्या खांबासारखा खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि मग चारी बाजूंना पसरतो. तो खांब बरोबर टेबलावर आला तर आखणीचा कागद उडतो, भुसा उडतो आणि माणसाला मात्र कडेचाच वारा मिळतो. म्हणून वर्तुळ टेबलावर न आणता माझ्या उभे राहण्याच्या जागेवर आणले, तेही थोडे मागे, म्हणजे वारा पाठीवर आणि मानेवर यावा. आई दारात बसून बघत होती. ती अहिराणीत म्हणाली, "वारा आठे लागस, तू पंखा तठे काबर लावस?" (वारा इथे लागतो, तू पंखा तिथे का लावतोस?) तिला खालचे वर्तुळ दाखवून त्यात उभा राहिलो तेव्हा तिला पटले.

ठरलेल्या दोन्ही जागा कैच्यांच्या मधे येत होत्या. म्हणून दोन कैच्यांच्या नळ्यांवर ५० बाय ५० मिलिमीटरची चौकोनी लोखंडी नळी आडवी टाकली, ती बोल्टने कसली आणि तिला यू-क्लॅम्पने पंख्याचा हुक दिला. पंख्याचे वजन चार किलोच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण तो फिरताना झोका घेतो आणि भार हलता असतो, त्यामुळे प्रत्येक बोल्टला डबल नट घातला. क्लॅम्प आणि नळी यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला. लोखंडाला लोखंड थेट टेकले की मोटारीची बारीक थरथर कैचीत उतरते आणि सगळा पत्रा घुमतो. रबर दाबले जाते, नट ढिले पडतात, म्हणून आठवड्याने ते पुन्हा आवळायचे हे आधीच ठरवून ठेवले होते.

पंख्यांची खरेदी लवकर उरकली. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचेच घ्यायचे होते. साधा पंखा ७० ते ८० वॉट खातो, बीएलडीसी पूर्ण वेगात ३० वॉटच्या आसपास. दोन पंखे रोज आठ तास चालले तर महिन्याला २१ युनिटांच्या आसपास वाचतात. किमतीत हजार-दीड हजाराचा फरक पडतो. पंखा घेताना त्याच्या पेटीवर दोन आकडे बघावेत: वॉट किती आणि मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला २१० ते २३० घनमीटर हवा चांगली समजावी. हवेच्या आकड्याला वॉटने भागले की पंखा किती काटकसरीचा ते कळते आणि तारेही त्यावरूनच मिळतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर हे ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, तेव्हा ते नसलेला पंखा हातात घेऊच नये.

विजेच्या बचतीपेक्षा मला दुसरा फायदा मोठा वाटला. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब पडतो. शिवारात मोटारी सुरू झाल्या की ट्यूब मिचकावायला लागते आणि साधा पंखा रेंगाळतो, कारण त्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. बीएलडीसी पंख्यात आलेली वीज आधी आतल्या सर्किटमध्ये डीसी होते आणि मग मोटार तिच्यावर ठरल्या वेगाने फिरते. दाब १६० व्होल्टपर्यंत उतरला तरी पंखा तसाच फिरतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवरही तो दुपटीहून जास्त वेळ पुरतो.

रिमोटमध्ये मात्र नीट चौकशी करून घ्या. दोन प्रकार असतात. एक टीव्हीच्या रिमोटसारखा, इन्फ्रारेडचा. तो पंख्याकडे धरावा लागतो आणि मधे काही आडवे आले की चालत नाही. जळगावला एका नातेवाइकांच्या दिवाणखान्यात असे दोन सारखे पंखे आहेत. एक बंद करायला बटन दाबले की दोन्ही बंद होतात, कारण दोघांची खूण एकच. दुसरा प्रकार रेडिओ लहरींचा, म्हणजे आरएफचा. यात प्रत्येक पंख्याची त्याच्या रिमोटशी जोडी लावता येते, तो पंख्याकडे धरावा लागत नाही आणि मधे प्लायचे तक्ते उभे असले तरी फरक पडत नाही. कार्यशाळेत दोन पंखे लावायचे असतील तर आरएफच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या पंख्यांची जोडी लावायची रीत अशी: भिंतीवरचे बटन बंद करून चालू करायचे आणि लगेच काही सेकंदांत रिमोटचे बटन दाबून धरायचे, मग पंखा बीप करतो. हे करताना दुसऱ्या पंख्याचे बटन बंद ठेवायचे.

वायरमन आप्पा आमच्या गल्लीतलेच. त्यांनी बोर्ड उघडला आणि पहिला प्रश्न विचारला.

"भाऊ, हा जुना रेग्युलेटर ठेवायचा का? फुलवर ठेवला तर चालंल."

"नको आप्पा, काढूनच टाका. यात आत सर्किट आहे, रेग्युलेटरमधून तुटक वीज गेली तर ते जळतं. पंख्याला सरळ लाइन द्या."

"मग वेग?"

"वेग रिमोटवर."

आप्पांनी रेग्युलेटर काढून तिथे कोरी पट्टी बसवली. बटन ठेवले, ते हवेच. रिमोटने पंखा बंद केला तरी त्याच्या आतले सर्किट जागेच असते. पंख्याला हात लावायचा असेल तेव्हा बटनच नव्हे, एमसीबीसुद्धा (बोर्डातला त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाडायची. वायर पत्र्याला किंवा कैचीच्या धारेला घासू नये म्हणून सगळी वायर पीव्हीसी पाइपातून नेली. लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. लोखंडी कैचीला टांगलेल्या पंख्याला अर्थिंग न देणे म्हणजे सगळ्या शेडला करंट द्यायची सोय करून ठेवणे, आणि तरीही बरेच जण हिरवी वायर गुंडाळून टोपीत कोंबून देतात. आप्पांनी ती नीट जोडली आणि टेस्टरने कैची तपासूनही पाहिली. दांडीच्या दोन्ही टोकांच्या बोल्टांना पिना घालून त्यांची तोंडे वाकवली. पंख्याबरोबर आलेली बारीक स्टीलची दोरी नळीला वेगळी बांधली. हुक निसटलाच तरी पंखा त्या दोरीवर लटकून राहतो. ही दोरी जास्तीची समजून फेकून दिलेली मी पाहिली आहे.

पाती बसवल्यावर प्रत्येक पात्याच्या टोकापासून वरच्या नळीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. पाते हाताने फिरवून एकाच जागी आणायचे आणि तिथेच मोजायचे. एक पाते थोडे खाली होते, त्याचा स्क्रू सोडून पुन्हा बसवले आणि ते बरोबरीत आले. एवढे केले की पंखा डुलत नाही.

उजेडाचे काम मात्र नव्याने करावे लागले, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. शेडमधली ट्यूब आढ्याखाली होती, म्हणजे आता पात्यांच्या वर. पंखा सुरू केला की तिचा उजेड पात्यांनी कापला जातो आणि टेबलावर सावल्या भरभर पळतात. पटाशीचे काम करताना त्या सावल्यांनी डोळा थकतो, रेघ दिसत नाही. कटर मशीनवर तर तो धोकाच. लुकलुकत्या उजेडात फिरते चक्र संथ किंवा थांबलेले दिसू शकते आणि हात पुढे जातो. म्हणून ट्यूब खाली आणल्या, दोन्ही लांब भिंतींवर आठ फुटांवर, म्हणजे पात्यांच्या पातळीच्या खाली. आता पंख्याची सावली छताकडे पडते, कामावर पडत नाही. मशीनवर आणखी एक झुकता दिवा लावला. पंखे बसवणाऱ्याने उजेडाचा खर्च त्याच हिशेबात धरावा.

आता रोजच्या वापराचे. रिमोट हवाच कशाला, बटन आहे की, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. सुतारकामात पंखा दिवसभर एकाच वेगात चालवता येत नाही. आखणी करताना कागद उडू नये म्हणून एकवर. रंधा मारताना घाम निथळतो, तेव्हा पाचवर. फेविकॉल लावला की बंद, कारण उन्हाळ्यात वाऱ्याने त्याच्यावर लगेच साय धरते आणि सांधा दाबेपर्यंत तो चिकटायचा थांबतो. शिकंजे आवळून झाले की पुन्हा चालू. पॉलिशच्या वेळी पूर्ण बंद, आणि त्याआधी थोडा वेळ, म्हणजे हवेतला भुसा खाली बसतो. कटर चालू असताना टेबलाकडचा बंद आणि मशीनवरचा एकवर, तोंडाला मास्क. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी) कापताना तर तोही बंद, कारण त्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि वाऱ्यावर कितीतरी वेळ तरंगत राहते. हे सगळे बदल करायला दर वेळी दारापाशी बोर्डाकडे जावे लागले असते तर कुणी केलेच नसते. पंखा एका वेगात राहिला असता आणि काम बिघडले असते. फेविकॉलने माखलेला हात असला तरी आता कोपराने बटन दाबता येते.

रिमोटला सागाच्या उरलेल्या तुकड्याचे घर करून टेबलाच्या पायाला ठोकले. रिमोट पातळ पारदर्शक पिशवीत घालून ठेवतो, म्हणजे बटनांत भुसा जात नाही. आरएफ असल्याने पिशवीतूनही चालतो. टेबलाकडच्या रिमोटला लाल फीत आहे आणि मशीनकडच्याला निळी.

दुपारी अकरानंतर मात्र मी अजूनही काम थांबवतो. पंखे आले म्हणून ऊन कमी झालेले नाही. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर, हाच आमच्याकडचा उन्हाळ्याचा धडा. थांबता येत नसेल तर खांद्यावर ओला पंचा आणि डोक्यावर पंखा पाचवर. कोरड्या हवेत तो पंचा बराच वेळ गार राहतो. बायको माठ शेडमध्येच आणून ठेवते आणि ग्लास रिकामा दिसला की स्वतः भरते.

मेच्या अखेरीस वादळवारे सुरू होतात. वीज कडाडायला लागली की मी दोन्ही पंख्यांची एमसीबी पाडतो. साध्या पंख्यात बिघडण्यासारखे फार काही नसते, कपॅसिटर बदलला की बहुधा तो पुन्हा फिरतो. यात मात्र सर्किट आहे आणि दाबाचा एक झटका त्याला पुरतो, म्हणून घेताना सर्किटवर किती वर्षांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे.

पात्यांवर भुसा घरातल्यापेक्षा कितीतरी लवकर बसतो, त्यातही पुढच्या कडेला. तो एका पात्यावर जास्त झाला की पंखा डुलायला लागतो. एमसीबी पाडून, घोड्यावर चढून आधी कोरड्या ब्रशने आणि मग ओलसर फडक्याने पुसायचे. मोटारीवर पाणी किंवा कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, हवेने भुसा आत सर्किटपर्यंत जातो. पुसताना पात्याला वरून भार द्यायचा नाही, खाली हात धरून पुसायचे. त्याच वेळी बोल्ट, पिना आणि ट्यूबचे रबर बघून घेतो.

पॉलिशच्या कोपऱ्याचे काम अजून बाकी आहे. तिथे छताचा पंखा उपयोगी नाही, थिनरचा वास बाहेर नेणारा एक्झॉस्ट हवा, तोही मागच्या भिंतीत, वारा घराकडे न जाता नदीकडे जाईल असा. भिंतीत भोक पाडायचे आहे, तेव्हा ते पावसाळा उलटल्यावर. आप्पांना सांगून ठेवले आहे.